बिनबसचा थांबा

मित्रांनो, मी काळ्या दगडांचा एक जुना बसथांबा आहे. हे सांगताना माझा आवाज आजही खाली जातो, कारण इतक्या वर्षांत माझ्यासमोर एकही बस येऊन थांबलेली नाही. पोहता न येणाऱ्या माणसाला साऱ्या गावाने नावाडी म्हणावं, तसं मला माझं नाव जड जातं. माझ्या गोष्टीत लाजेचा भाग मोठा आहे. तरीही ती ऐका, कारण ती माझ्या एकट्याची नाही.

मॉरिशस बेटाच्या दक्षिणेला शमें ग्रेनिए हे गाव आहे. तिथल्या मोठ्या रस्त्यावरून एक अरुंद वाट फुटते आणि उसाच्या शेतांमधून डोंगराकडे चढत जाते. ती जिथे संपते तिथे आमची वस्ती, पेती फोंतेन. इथल्या लोकांचे पणजोबा ऊस तोडायला कोकणातून जहाजाने आले होते. घरात मराठी, दुकानात क्रेओल, अशी इथली बोली. पत्र्याची आणि लाकडाची थोडी घरं, एक दुकान, गणपतीचं एक देऊळ आणि मुलांना संध्याकाळी मराठी शिकवायची एक खोली, जिला सगळे बैठका म्हणतात. एवढंच गाव. सगळी माणसं आपापल्या अंगणात उभी केली तर एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतकी. सकाळी साखरेच्या इस्टेटची लॉरी कामकऱ्यांना घेऊन शेतावर जायची. बाकी कुणाला कुठे जायचं असलं तर पायीच. बाजार, दवाखाना, राजधानी पोर्ट लुईची बस, सगळं खाली मोठ्या रस्त्यावर.

माझा जन्म एका दुःखातून झाला. १९७५ च्या फेब्रुवारीत गेर्वेझ नावाचं चक्रीवादळ आलं आणि बेटभर छपरं उडाली. ते गेल्यावर काही आठवड्यांनी सत्यदेव नावाचा एक तरुण गडी आपल्या घराचे पत्रे परत ठोकत असताना वरून पडला. इस्टेटची लॉरी तेव्हा दूरच्या शेतावर होती. चौघांनी त्याला दाराच्या फळीवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत उतरवलं. तिथे गाडी मिळाली, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. त्याच्यामागे त्याची बायको बसंती आणि लहानगी मुलगी इंद्राणी, एवढ्याच राहिल्या.

बाराव्यानंतर सगळे बैठकेत जमले. तिथे गोवर्धन उठून उभा राहिला. तो आमच्या वस्तीतून खालच्या ग्रामकौन्सिलवर निवडून गेलेला माणूस. उंच, बारीक, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालणारा. तो म्हणाला की आपल्या गावात बस आली असती तर सत्यदेव वाचला असता, आणि मी बस आणल्याशिवाय राहणार नाही. बोलताना त्याचे डोळे भरले होते. मित्रांनो, त्या दिवशी तो मनापासून बोलला, यात मला कधीच शंका वाटली नाही.

तो बसमालकांच्या कचेरीत गेला, पुन्हा गेला, आणि शेवटी तिथला एक साहेब मोटारीतून वर आला. साहेबाने मोटारीतून न उतरताच विचारलं, इथे माणसं किती? रोज बसने जाणारी किती? रस्ता एवढा अरुंद, मग बस वळवायची कुठे? गोवर्धन म्हणाला, वळायला जागा आम्ही देतो, थांबाही आम्हीच बांधतो. साहेबाने काच वर करताना क्रेओलमध्ये म्हटलं, "नू पू गेते." म्हणजे, बघू. आमच्या बेटावर या शब्दांचा अर्थ होही होतो आणि नाहीही. गोवर्धनने तो हो धरला. गावात येऊन त्याने सांगितलं, "बस येणार."

रस्ता संपतो तिथे बसंतीचा भाजीचा मळा होता. वांगी, भेंडी, ब्रेद नावाच्या हिरव्या पालेभाजीचे वाफे. तिचं घर त्यावर चालायचं. बस वळवण्याजोगी सपाट जागा साऱ्या गावात तेवढीच. तिच्याकडे ती मागायची कशी, या विचारात गावकरी होते, तेव्हा तीच कुदळ घेऊन बाहेर आली आणि तिने आपले वाफे स्वतः मोडले. कुणी काही बोलायच्या आत ती म्हणाली की माझ्या माणसाला फळीवर न्यावं लागलं, दुसऱ्या कुणाच्या माणसाला तसं न्यावं लागू नये. त्या दिवसापासून ती पाठीला कापड गुंडाळून इस्टेटच्या शेतात तण काढायला जाऊ लागली.

मग मला बांधलं. शेतं साफ करताना इथल्या लोकांच्या पूर्वजांनी उसातून काळे दगड उचलले होते आणि बांधांवर त्यांचे ढीग रचले होते. तेच दगड गावकऱ्यांनी डोक्यावरून आणले. नंदलाल गवंड्याने ते एकेक घडवून बसवले, वर सिमेंटचा स्लॅब टाकला, आत बसायला लांब बाक केला. मला पांढरा चुना दिला. बैठकेत शिकवणाऱ्या विद्यावतीबाईंनी निळ्या रंगात देवनागरीत आणि खाली फ्रेंच अक्षरांत माझ्या कपाळावर गावाचं नाव लिहिलं. लोक लांब उभे राहून मला बघायचे आणि म्हणायचे, शमें ग्रेनिएत सुद्धा असा थांबा नाही. खरं सांगतो, मला गर्व झाला होता.

एका रविवारी सकाळी बस येणार, असं गोवर्धनने जाहीर केलं. त्याने कचेरीत दिवस कळवला होता आणि तिथून नकार आला नव्हता, म्हणून त्याला ती खात्री वाटली. बायकांनी पहाटेच खीर-पुरी केली, ड्रायव्हर आणि कंडक्टरसाठी केळीच्या पानांत वेगळी बांधून ठेवली. झेंडूचा हार माझ्या खांबाला टांगला होता, तो बसच्या तोंडाला घालायचा होता. विद्यावतीबाईंनी मुलांकडून एक गाणं बसवून घेतलं होतं. सगळं गाव माझ्या सावलीत आणि सावलीबाहेर उभं होतं. बसंतीने इंद्राणीला नवा फ्रॉक घातला होता.

ऊन वर आलं. मुलांनी गाणं सवयीसाठी म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. खालून काही आवाज आला की सगळे मान वळवायचे. एकदा सायकल आली, एकदा इस्टेटची बैलगाडी. दुपारी गोवर्धन म्हणाला की मी जरा पुढे जाऊन बघतो, आणि तो उतार उतरून गेला. तो परत आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. तो एकटाच चालत येत होता. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रस्त्याची लाल धूळ बसली होती. बायकांनी खीर मुलांना वाटून टाकली. सगळे घरी गेले, आणि माझ्या खांबाला तो हार तसाच राहिला.

त्यानंतरही बस कधीच आली नाही. गोवर्धन कचेरीत गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की गावात माणसं फार थोडी आहेत, बस रिकामी जाईल. ते त्याने गावाला सांगितलं, पण सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

मित्रांनो, एखादी वस्तू उपयोगाची नसली तर कोपऱ्यात ठेवता येते. मला कुठे ठेवणार? मी गावाच्या तोंडाशी, पांढराशुभ्र, नाव लिहून उभा. कुणी माझ्या बाकावर ओले कपडे वाळत घातले, कुणी बकरी बांधली. दुपारी पुरुष येऊन डोमिनो खेळू लागले. खालच्या गावचे लोक वर आले की हसायचे. गोवर्धन बाजारात दिसला की ते विचारायचे, "गोवर्धन, कोत बिस?" म्हणजे, कुठे आहे बस? आमच्या गावातली माणसंही हळूहळू तेच विचारून हसू लागली, आणि तेही माझ्याच छपराखाली बसून. ज्याने मला उभं केलं त्याच्यावर माझ्या सावलीत हसू पिकायचं, आणि मी त्यांना ऊन लागू देत नव्हतो. मला तेव्हा फार लाज वाटायची.

गोवर्धनने पुढे निवडणूक लढवली नाही. तो माझ्यासमोरून जाणंच टाळायचा. खाली जायचं असलं तर तो उसाच्या बांधावरून वळसा घालून जायचा. पण एक गोष्ट त्याला टाळता येत नव्हती. त्याचं घर बसंतीच्या मोडलेल्या मळ्यासमोर होतं. बस आली नाही हे साऱ्यांना कळलं होतं, तरी बसंतीने तिथे परत एक रोप लावलं नाही. उलट दर थोड्या दिवसांनी ती तिथलं गवत खुरपून काढायची आणि जमीन स्वच्छ ठेवायची. सकाळी दार उघडलं की गोवर्धनला ती उघडी जमीन दिसायची. तो क्षणभर तिच्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. मला वाटायचं, ती बाई बोलत नाही, पण तिची जमीन बोलते. गोवर्धनलाही तेच वाटत होतं.

गाव मात्र ओसरत चाललं. माणसं कमी म्हणून बस नाही, आणि बस नाही म्हणून माणसं कमी. कुणी पोर्ट लुईच्या गोदीवर काम धरलं आणि बिऱ्हाड तिकडेच हलवलं. कुणी भावाकडे पेती राफ्रेला गेलं, कुणी थेट फ्रान्सला. जाताना लोक सामान घेऊन माझ्या बाकावर टेकायचे, टॅक्सीची वाट बघायचे आणि मागे वळून न बघता जायचे. गाव सोडून जाणाऱ्यांचाच मी थांबा झालो होतो.

१९७७ साली सरकारने माध्यमिक शिक्षण फुकट केलं. आमच्याकडे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. गावातल्या आयांना आनंद झाला, पण कॉलेज खाली, मोठ्या रस्त्यावर. मुलगे पळत जायचे, सायकलवर डबलसीट जायचे. मुलींचं काय? ऊस वाढला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात, आणि जून-जुलैच्या आमच्या हिवाळ्यात कॉलेज सुटून वर चढेपर्यंत अंधारून येतं. काही मुली जाऊ लागल्या आणि एकेक करून घरी बसू लागल्या. दोन वर्षांनी इंद्राणीची पाळी आली. ती हुशार होती. बसंती माझ्या बाकावर बसून विद्यावतीबाईंना सांगत होती की पाठवायचं तर आहे, पण त्या उसातून एकटी कशी पाठवू? गोवर्धन तेव्हा बांधावरून चालला होता. त्याच्या कानावर ते गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात मोठी काळी छत्री, अंगात तोच गळ्यापर्यंत बंद शर्ट. इतक्या वर्षांनी तो इतका जवळ आला होता की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. इंद्राणी आणि आणखी दोघी आल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चला, मी खाली सोडतो." तो पुढे, मुली मागे. संध्याकाळी तो कॉलेजच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि त्यांना वर घेऊन आला.

हे एका दिवसाचं राहिलं नाही. तो रोज यायचा. पावसात, धुक्यात, उसाला तुरे आल्यावर, ऊस तुटल्यावर. त्याला पाहून घरी बसलेल्या मुलीही परत येऊ लागल्या. मुली माझ्याखाली जमायच्या. तो मात्र बाहेरच उभा राहायचा, पाऊस असला तरी. एक दिवस एका चिमुरडीने त्याला लांबून येताना पाहिलं आणि ती बोलून गेली, "बस आली!" सगळ्या मुली हसल्या. गोवर्धनने ते ऐकलं. त्याचा चेहरा असा उतरला की इंद्राणीने तिला गप्प केलं. पण नाव पडलंच. मुली ते प्रेमाने म्हणायच्या, जुन्या गोष्टीवरून त्याला डिवचायचं त्यांच्या मनात नव्हतं. तो मात्र ते ऐकून दरवेळी जरा वाकायचा, कुणी पाठीवर ओझं ठेवावं तसा.

१९८३ ची जनगणना झाली तेव्हा मोजणीचा माणूस दमून माझ्या बाकावर बसला. तो सोबत्याला म्हणाला की मागच्या मोजणीपेक्षा इथे माणसं कमीच झाली आहेत. ते ऐकून मला वाटलं, आता काय बस येते.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या रस्त्यावर एक गाडी आली. बस नव्हे, एक व्हॅन. बेटावर तेव्हा कपडे शिवायचे कारखाने निघत होते आणि त्यांना बायका-मुली कामाला हव्या होत्या. एका कारखान्याने गावोगाव व्हॅन पाठवायला सुरुवात केली. प्रेमचंद नावाचा हसतमुख ड्रायव्हर सकाळी वर यायचा, माझ्यासमोर हॉर्न वाजवायचा, बायका चढायच्या, आणि तो पुढे बसंतीच्या मोकळ्या जागेत व्हॅन वळवून खाली जायचा. पहिल्यांदा माझ्यासमोर गाडी थांबली तेव्हा मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. आपण खरोखरच थांबा आहोत, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पण तो आनंद टिकला नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलींमधली एक मुलगी एक दिवस व्हॅनमध्ये चढली. मग दुसरी. घरात चार पैसे येत होते, त्यांना तरी नाही कसं म्हणावं? गोवर्धनच्या मागे चालणारी रांग लहान होत गेली. व्हॅन त्याच्या शेजारून धूळ उडवत जायची तेव्हा तो रस्त्याच्या कडेला सरकून उभा राहायचा. व्हॅनमधल्या मुली खिडकीतून दुसरीकडे बघायच्या. मी ज्या गाडीची वाट पाहिली होती तीच त्याची माणसं नेत होती, आणि मी त्यांना चढायला सावली देत होतो.

इंद्राणी तेव्हा वरच्या वर्गात गेली होती. त्याच सुमारास बसंतीची पाठ धरली. शेतात वाकून वाकून तिला सरळ उभं राहता येईना. एका सकाळी इंद्राणी कॉलेजचा निळा स्कर्ट न घालता, साधा फ्रॉक घालून, डबा घेऊन व्हॅनसाठी उभ्या असलेल्या बायकांमध्ये येऊन उभी राहिली. गोवर्धन छत्री घेऊन आला. त्याच्या मागे जायला त्या दिवशी दोनच लहान मुली होत्या. त्याने इंद्राणीकडे पाहिलं. ती खाली बघत राहिली. तो वळला आणि सरळ बसंतीच्या मोकळ्या जागेकडे गेला. बसंती अंगणात पाठीला हात लावून उभी होती.

मित्रांनो, मी तिथून जवळच आहे. त्यांचं बोलणं मी ऐकलं.

"बसंती," गोवर्धन म्हणाला, "मी तुजा मळा घेतला. आता तुजी पोरगी पण चालली. तू येकदा तरी मला बोलून घेतलं असतंस तर बरं झालं असतं."

"मी कशापायी बोलू भाऊ?"

"मग ही जमीन इतकी वर्सं उगडी का ठिवलीस? येक भेंडी नाय लावलीस. मला रोज दिसावी म्हणूनच ना?"

बसंती त्याच्याकडे बघतच राहिली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

"आवो, मी जर भेंडी लावली असती तर गाव काय म्हणालं असतं? बसंतीनं पण आशा सोडली. सगळे तुमाला हसत व्हते. मी पण लावून बसले असते तर तुमाला तोंड दाखवायला जागा राहिली असती का? तुमची अब्रू राखायला मोकळी ठिवली मी ती."

गोवर्धनने छत्री जमिनीवर टेकली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. इतकी वर्षं त्याला जो टोमणा वाटत होता तो टोमणा नव्हताच. मलाही माझी लाज वाटली, कारण मीही तिला तसंच समजलो होतो.

तेवढ्यात प्रेमचंदची व्हॅन आली. बायका चढू लागल्या आणि तो नेहमीप्रमाणे मोकळ्या जागेत व्हॅन वळवायला पुढे आला. बसंती हळूहळू चालत व्हॅनच्या समोर जाऊन उभी राहिली. प्रेमचंदने ब्रेक दाबला.

ती म्हणाली की तू रोज गाडी वळवतोस ती जमीन माझी आहे. वळव, माझं काही म्हणणं नाही. पण कॉलेजच्या मुलींना तू खाली कॉलेजपाशी सोडायचं. प्रेमचंदने हसून सांगितलं की मातांत, म्हणजे मावशी, व्हॅन कारखान्याची आहे, मला फक्त कामवाल्यांना न्यायचा हुकूम आहे. बसंती म्हणाली की मग तू दुसरीकडे कुठे तरी वळव. आता दुसरीकडे वळायला जागाच नव्हती. व्हॅन मागे मागे घेत सगळा उतार उतरावा लागला असता. प्रेमचंदने मान खाजवली आणि म्हणाला, "नू पू गेते."

तेव्हा गोवर्धन पुढे झाला. इतक्या वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. तो म्हणाला, "नू पू गेते नको. हो म्हण, नायतर नाय म्हण."

प्रेमचंद त्या दोघांकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "हो. कारखान्यात मी सांगतो."

बसंतीने इंद्राणीला हाक मारली आणि निळा स्कर्ट घालून यायला सांगितलं. इंद्राणी हलेना. घरात मग खाणार काय, असं ती रडत रडत म्हणत होती. बसंती म्हणाली, "तुज्या जागी मी जाते. तिथं बसून काम असतं म्हणतात. माजी पाठ वाकायला नको म्हणते, बसायला नको म्हणत नाय." आणि ती खरोखरच पाठीला हात लावून व्हॅनमध्ये चढली. पहिल्या दिवशी कारखान्यात तिला परत पाठवत होते. मग कुणीतरी तिला शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायला बसवलं. ते काम ती आजही करते.

त्या सकाळी व्हॅनला खूप उशीर झाला, कारण ती इंद्राणीचा स्कर्ट बदलून होईपर्यंत थांबली होती. प्रेमचंदला त्याबद्दल बोलणी खावी लागली, असं नंतर कानावर आलं. पण त्याने शब्द पाळला. कॉलेज कारखान्याच्या आधी सुटायचं, म्हणून संध्याकाळी मुलींना वर आणायला गोवर्धनच जायचा. त्याचे गुडघे दुखू लागले होते. मुली मुद्दाम हळू चालायच्या.

इंद्राणी शेवटच्या परीक्षेत एकदा नापास झाली, पुन्हा बसली आणि पास झाली. आता ती पोर्ट लुईला नर्सचं शिक्षण घेते. गावातून जाणारी बिऱ्हाडंही थांबली. खालीच काम मिळू लागलं तेव्हा लोकांनी पत्रे काढून सिमेंटची घरं बांधली. पेती राफ्रेला गेलेलं एक कुटुंब तर परत आलं. मुलांचा आरडाओरडा पुन्हा माझ्यापर्यंत ऐकू येऊ लागला.

आणि या वर्षी, १९८९ साली, एका बसमालकाने स्वतःहून विचारलं की वर बस चालू करू का. रस्ता मोजायला माणसं आली. त्यांनी फीत धरली, वर-खाली केली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. वळायच्या जागेच्या तोंडाशी मी रस्त्यात पुढे आलेला आहे. माझ्या बाजूने व्हॅन जाते, बस जाऊ शकणार नाही. त्यांनी खडूने माझ्यावर मोठी फुली मारली. मित्रांनो, मग मला कळलं की त्या रविवारी बस आली असती तरी ती माझ्याच अंगाला अडली असती. हार, गाणं, खीर, सगळं असून तिला वळायच्या जागेपर्यंत जाता आलं नसतं. इतकी वर्षं सगळे गोवर्धनला हसले. मला कुणीच हसलं नाही.

गावकरी बैठकेत जमले. थांबा पाडायचा तर गोवर्धनला विचारलं पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. काल सगळे त्याला घेऊन माझ्यासमोर आले. आता तो म्हातारा झाला आहे, चालताना छत्रीची काठी करतो. त्याने माझ्या दगडांवरून हात फिरवला. आणि मी काय केलं असेल? जन्मभर ज्या बसची वाट पाहिली ती आता येणार होती, आणि मी मनात म्हणत होतो, नाही म्हण, गोवर्धन, नको पाडू म्हण. या साऱ्या वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

गोवर्धन म्हणाला, "पाडा. माणसं झाडाखाली पण उभी राहतात. बस येऊ द्या."

मग माझ्या डोमिनोच्या बाकावरचा एक जण, जो एके काळी सगळ्यात मोठ्याने हसायचा, पुढे आला आणि त्याने गोवर्धनचा हात धरून त्याला घरापर्यंत पोहोचवलं. वाटेत तो त्याला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. दोघं बराच वेळ दाराशी उभे होते.

उद्या सकाळी नंदलालचा मुलगा घण घेऊन येईल. माझे दगड रस्त्याच्या कडेला भर म्हणून घालणार आहेत. मला दुःख नाही. तुम्हाला मात्र दोन गोष्टी मागतो. आपल्या गावासाठी धडपडताना कुणी चुकला तर त्याला बाजारात उभं करून हसू नका. तो रोज कुठल्या वाटेने घरी जातो ते तुम्हाला माहीत नसतं. आणि पुढच्या आठवड्यात बस वर येईल तेव्हा कुणीतरी झाडाखाली उभे राहा आणि हात दाखवा. थांबा नसेल, ड्रायव्हरला गाव नवीन असेल. हात दाखवला नाही तर तो तशीच बस वळवून खाली निघून जाईल.